शून्य विसर्ग जिंदाबाद!

कागलात पोर जन्माला येतं ते गट घेऊनच. बारशाला कोण आलं आणि कोण फिरकलं नाही, यावरून गावाला त्याचा गट कळतो. पुढे लग्नपत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती'च्या ओळीत तो रीतसर छापूनही येतो. आमच्या तालुक्याला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात ते उगाच नव्हे. इथे अंगणवाडीतच पदव्युत्तर वर्ग भरतात. अशा तालुक्यात सगळे गट एका सुरात बोलल्याचे प्रसंग हुडकावे लागतात. त्यातला ताजा म्हणजे सुळकूडचा.

२०२२ मध्ये इचलकरंजीसाठी सुळकूडजवळ दूधगंगेतून पाणी उचलायची सुमारे १६० कोटींची योजना अमृत २.० मधून मंजूर झाली. झालं! ज्यांना एकमेकांच्या मांडवातला चहा गोड लागत नाही ते एका सतरंजीवर येऊन बसले. ठराव झाले, मोर्चे निघाले, निवेदनांचे गठ्ठे वर गेले. दूधगंगा आमची, काळम्मावाडीचं धरण आमचं, थेंबभरही पाणी देणार नाही. (धरण राधानगरी तालुक्यात आहे हो, पण भावना समजून घ्या.)

शेतकऱ्याची भीती खोटी नव्हती. उन्हाळ्यात दत्तवाडच्या अंगाला नदीचं पात्र कसं दिसतं ते बघितलेल्या माणसाला 'शिल्लक पाणी देतोय' हे सरकारी वाक्य पचणं कठीण. तेव्हा विरोध केला म्हणून कागलकरांना नावं ठेवायचा माझा इरादा नाही. माझा सवाल दुसराच आहे. पण त्याआधी इचलकरंजीची वारी एकदा नीट बघून घेऊ.

इचलकरंजीच्या दाराशी पंचगंगा आहे. दाराशी नदी असलेलं गाव दुसऱ्याच्या नदीला हात का घालतं? तर दाराशी आहे ती नदी, प्यायचं पाणी नव्हे. कोल्हापूर शहरानं जयंती नाल्यातून आपली घाण तिला दिली, साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून मळीमिश्रित पाणी आलं, आणि उरलेसुरले रंग प्रोसेसवाल्यांनी भरले. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच हे शिरोळकरांना आता बातमी वाटेनासं झालंय. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारोंनी माणसं आजारी पडली, काही दगावली. शहरानं त्याआधीच कृष्णेकडे तोंड फिरवलं होतं, मजरेवाडीहून नळ आणला होता. त्या नळाच्या गळत्या काढण्यात एक पिढी म्हातारी झाली. मग वारणा आठवली. तर दानोळीकर आडवे पडले. मग दूधगंगा. एक नदी नासली की पुढची, ती अडली की त्याच्या पुढची. महापालिकेचा दर्जा मिळाला, 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' ही पदवी तर जुनीच, पण घागर घेऊन दारोदार फिरणं चुकलं नाही.

आणि हसायला कोल्हापूर शहरानंही जाऊ नये. पंचगंगेच्या काठावर देवीच्या पायाशी बसलेल्या या शहरानं काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन टाकून घेतली आणि २०२३ च्या दिवाळीत तिचं पाणी पुईखडीला आलं तेव्हा फटाके फुटले. वर नदीत घाण सोडायची आणि प्यायला डोंगरातून वेगळं आणायचं, यालाही आपल्याकडे विकास म्हणून श्रेय घेतात. श्रेयासाठी भांडणंसुद्धा झाली. पंचगंगा कुणी नासवली याचं श्रेय घ्यायला मात्र अजून कुणी पुढे आलेलं नाही.

आता सवाल. पाणी मागायला येणारा इचलकरंजीकर दिवसाढवळ्या येतो. आराखडा, मंजुरी, निविदा, पोलीस बंदोबस्त असं सगळं वाजतगाजत येतं, म्हणून त्याला अडवता येतं. जो पाणी न्यायला येत नाही, पाण्यात ओतायला येतो, तो रात्री येतो आणि त्याच्याकडे आराखडा नसतो. त्याच्यासाठी कृती समिती कुणी काढायची?

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत कुठे बसलीय ते नकाशात बघा. एका अंगाला दूधगंगा, दुसऱ्या अंगाला पंचगंगा, मधल्या माळावर ही वसाहत. आजूबाजूला कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, विहिरी, बोअरी, ऊस. वसाहतीनं हजारोंना पगार दिला, कोरडवाहू माळाला भाव आणला, हे मान्य. तिथला अमुक कारखाना जमिनीत काही सोडतो असा आरोपही मी करत नाही. मी फक्त एवढंच म्हणतो की उद्या कुणी सोडलंच, तर आपल्याला कळायची सोय काय? थेंबाथेंबाचा हिशेब मागणाऱ्या तालुक्याला हे विचारायला हरकत नसावी.

सोडायची पद्धत अगदी घरगुती आहे. आपल्याकडे बोअर मारतात ती साडेसहा इंची. वरच्या मुरमातून माती ढासळू नये म्हणून काही फूट केसिंग घालतात, त्याखाली नुसता उघडा दगड. तीनचारशे फूट जाऊन धूळच उडाली की शेतकरी कपाळावर हात मारतो, बोअरच्या तोंडावर धोंडा ठेवतो आणि पुढची पाच वर्षं सोसायटीचं कर्ज फेडतो. त्याच्या लेखी ते बुडीत खातं. पण सांडपाण्याचा टँकर घेऊन कुठे मोकळा करू म्हणून हिंडणाऱ्याला असलं तोंड आयतंच सापडतं. धोंडा बाजूला, पाइप आत, झाकण लावा. ओढ्यात सोडलं तर फेस दिसतो, मासे मरतात, पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढतात. बोअरमध्ये सोडलं तर काही दिसत नाही. कारखान्याच्या कागदावर 'शून्य विसर्ग' असं लिहिलेलं असतं ते अशा वेळी तंतोतंत खरं ठरतं. जमिनीच्या वर बघा ना, शून्यच आहे!

आमच्याकडे विहिरी खोदण्यात हयात घालवलेले म्हातारे अजून आहेत. त्यांना विचारा. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या दगड, त्याखाली काळा पाषाण, मध्येच कुठे तांबडा पट्टा, पुन्हा मांजऱ्या. लाव्हा थरावर थर साचला त्याची ही रास. पाणी दगडात नसतं, दगडाच्या भेगेत असतं. म्हणून तर या बांधाला चारशे फुटांत ठणठणाट आणि दहा पावलांवर दोनशेला भळाभळा पाणी, असा चमत्कार होतो आणि पानाड्याचा धंदा चालतो. भेग कुठून कुठे गेलीय ते ना पानाड्याला दिसतं, ना इंजिनिअरला. नदीत सोडलेली घाण निदान खालच्या अंगाला जाणार हे ठरलेलं असतं. भेगेत सोडलेली कुणाच्या विहिरीत निघेल ते सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. कोर्टात उभं राहायची वेळ आली की हेच अज्ञान त्याच्या पथ्यावर पडतं: 'साहेब, मधे तीन किलोमीटर अंतर आहे, माझंच कशावरून?'

जगात लोकांनी हे शास्त्रशुद्धही करून बघितलंय. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराच्या रासायनिक कारखान्यानं १९६१ मध्ये १२,००० फुटांहून खोल विहीर खोदली आणि १९६२ च्या मार्चपासून तीत विषारी सांडपाणी दाबून भरायला सुरुवात केली. पुढच्याच महिन्यात परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. १९६६ मध्ये विहीर बंद केली तरी १९६७ मध्ये मोठे धक्के बसलेच. (त्याच वर्षी डिसेंबरात आपली कोयना हादरली, पण तिथे बोट धरणाच्या पाण्याकडे जातं.) त्यांच्याकडे निदान खोली मोजलेली होती, भरलेलं पाणी मोजलेलं होतं, म्हणून शास्त्रज्ञांना संबंध जोडता आला. आमच्याकडे मोजमाप एकच: टँकर रिकामा झाला का?

कायदा नाही असं समजू नका. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे आणि तो कुणा शहाण्या माणसानं लिहिलाय. त्यात प्रवाहाची व्याख्या करताना नदी, ओढा, तळं यांच्या जोडीला भूगर्भातलं पाणीही नाव घेऊन घातलंय. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांना तुमच्या विहिरीखालचा झरा आणि दूधगंगा एकच. त्याच्या कलम २४ नुसार प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर जाणूनबुजून विषारी पदार्थ सोडायला बंदी. शिक्षा दीड ते सहा वर्षं कैद. वाचून ऊर भरून येतो. मग २०२४ मध्ये संसदेनं दुरुस्ती केली, आणि या गुन्ह्याची कैद जाऊन तिच्या जागी १०,००० ते १५ लाख रुपये दंड आला. आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू, बाकीच्या राज्यांनी आपापल्या विधिमंडळात ठराव करून मागून घ्यायची. उद्योगांना विश्वास वाटावा म्हणून केलं म्हणतात. विहिरीला विश्वास वाटावा म्हणून काय केलं ते राजपत्रात सापडलं नाही.

विश्वासाची किंमत काय असते ते राजस्थानातच, उदयपूरजवळच्या बिछडी गावाला विचारा. १९८८ च्या सुमाराला तिथे एच-ॲसिड बनू लागलं. इचलकरंजीकरांनी दचकू नये, पण हे कापडाच्या रंगांना लागणारं रसायन. सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला हिशेब असा: ३७५ टन माल निघाला आणि त्यापायी २,४४० टन गाळ. माल गेला परदेशी, गाळ राहिला गावात. तो आवारात पसरला, कुठे वर माती लोटून झाकला. पावसानं आपलं काम केलं आणि विहिरींचं पाणी काळपट झालं, ना माणसाच्या कामाचं ना जनावराच्या. गाव उठलं. एवढं उठलं की १४४ कलम लावावं लागलं आणि १९८९ च्या जानेवारीत तो कारखाना बंद झाला. निकाल लागला १९९६ च्या फेब्रुवारीत: ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरायची. देशभरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो पाठ केला. सफाईच्या खर्चाचे सदतीस कोटींवर रुपये मात्र कंपन्यांनी भरले नाहीत, अर्जामागून अर्ज करत राहिल्या, आणि २०११ मध्ये न्यायालयाला ते चक्रवाढ व्याजानं भरायला सांगावं लागलं. कारखाना चालला एखादं वर्ष, खटला चालला बावीस. आपल्याकडे भाऊबंदकीचे दावेसुद्धा याहून लवकर निकालात निघतात. बरं, नाहीच निघत.

पंजाबात अलीकडे वेगळंच झालं. फिरोजपूर जिल्ह्यातल्या झिरा भागात गुरुद्वाऱ्यासाठी बोअर मारत होते, तर वर आलेल्या पाण्याला दारूचा भपका. जवळच मद्यार्काचा कारखाना. सांडपाणी उलट्या बोअरनं जमिनीत जातंय असा गावांचा आरोप, कंपनीचा इन्कार. २०२२ च्या जुलैत शेतकरी कारखान्याच्या फाटकावर बसले ते थंडीचे महिने काढून तिथेच बसून राहिले. हायकोर्टानं सरकारला दंड भरायला लावला, लाठ्या झाल्या, माणसं हटली नाहीत. १७ जानेवारी २०२३ ला मुख्यमंत्र्यांनी कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता इथे कागलकरांनी एक बारकावा टिपून घ्यावा. तिथे भांडण शेजारच्या तालुक्याशी नव्हतं. पाणी कुणी न्यायचं यावर कुणी बसलं नव्हतं, पाण्यात कुणी काय घालायचं यावर बसले होते. अशा आंदोलनाला फोटो चांगला येत नाही. समोर जेसीबी नसतो, अडवायला भूमिपूजन नसतं, आणि पुढाऱ्यानं हात वर करून 'देणार नाही' म्हणावं असं समोर मागणारंही कुणी नसतं.

तक्रार केली तर काय होतं तेही सांगतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब येतात. विहिरीत दोर सोडून पाणी काढतात, कॅन त्याच पाण्यानं विसळतात, भरतात, चिठ्ठी चिकटवतात, पंच म्हणून दोघांच्या सह्या घेतात. पंचांपैकी एकाचा पोरगा वसाहतीत कामाला असतो, तो सही करताना पेन चालत नाही म्हणतो. मग कॅन निघतो. पंचगंगेचे नमुने तपासायला चिपळूणला गेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. म्हणजे आमचं पाणी घाट उतरून कोकणात जातं, तिथे लोटे-परशुरामच्या कारखान्यांचं पाणी आधीच रांगेत बसलेलं असतं. अहवाल येईस्तोवर विहिरीत पावसाचं पाणी भरतं आणि सगळं कसं निवळशंख दिसतं. तोवर ज्यानं तक्रार केली त्याला गावानं 'वसाहत बंद पाडायला निघालेला' ही पदवी दिलेली असते.

ग्रामपंचायतीत म्हणे किट असतं. असतं की! जलजीवन मिशनमधून गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिकवलंय, त्या इमानानं तपासतातही. क्लोरीन, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, जडपणा, सगळं त्या डबीत कळतं. रंगाचं रसायन, सॉल्व्हंट, जड धातू यांची त्या डबीशी ओळख नाही. तेव्हा किटनं 'पिण्यायोग्य' म्हटलं तर त्याचा अर्थ एवढाच की किटनं जे बघितलं त्यात दोष नाही. बायांचा यात काही दोष नाही, ज्यानं किट ठरवलं त्यानं बोअरमधला पाइप बघितला नसावा.

आणि जनसुनावणी? पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणी आहे, मराठीत सारांश द्यायची सक्ती आहे, तीस दिवस आधी नोटीस आहे. किती माणसं हजर हवीत याला मात्र आकडा नाही, कोरमची अटच नाही. त्यात आणखी एक खुबी आहे. औद्योगिक वसाहतीला एकदा पर्यावरण मंजुरी मिळालेली असली की आत येणाऱ्या कारखान्यांना जनसुनावणीतून सूट. म्हणजे गावाला विचारायचं ते एकदाच, तेही माळ रिकामा असताना, गवताकडे बघत. आत उद्या कोण येणार, काय बनवणार, काय सोडणार, हे गावानं विचारायचं नाही. कारण तुम्हाला मागे विचारलं होतं ना!

कागल तालुक्याला नद्यांची ददात नाही असं कुणी म्हणेल. दूधगंगा आहे, मुरगूडकडे वेदगंगा आहे. पण वेदगंगा शेवटी दूधगंगेलाच जाऊन मिळते, आणि जमिनीखालचं पाणी दोन्हींना. इचलकरंजीला नदी बदलायची हौस भागवता आली, कारण त्यांच्या आजूबाजूला दुसऱ्याच्या नद्या होत्या. आपली विहीर नासली तर आपण कुणाच्या सुळकुडाला जायचं? आणि गेलो तर तिथले लोक सतरंजी घालून बसलेले नसतील कशावरून?

मागणी फार मोठी नाही. वसाहतीच्या कुंपणाबाहेर चारी दिशांना निरीक्षण विहिरी घ्या, त्यांना कुलूप घाला, किल्ली एक मंडळाकडे आणि एक ग्रामपंचायतीकडे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाणी तपासा, त्यात धातू आणि रसायनंसुद्धा बघा. कोरड्या बोअरींची गावनिहाय यादी करा आणि त्यांची तोंडं सिमेंटनं बुजवा. प्रत्येक टँकर कुठून भरला आणि कुठे रिता झाला याची नोंद बघायचा हक्क गावाला द्या. हे सगळं एका मतदारसंघाच्या एका निवडणुकीतल्या जेवणावळींच्या खर्चात बसतं, आणि रस्सा आपल्याकडे किती पातळ करतात ते धरूनही बसतं.

तपासणीचे आकडे गावागावात फलकावर लावावेत. जागा नाही ही सबब चालणार नाही. गैबी चौकात वाढदिवसाचा एक फलक उतरवला तरी अख्ख्या तालुक्याच्या विहिरी त्यात मावतील. आता फलक नेमका कुठल्या गटाचा उतरवायचा यावरून डोकी फुटतील, पण त्याला पोलीस बंदोबस्त आहेच. सुळकूडचा उरलाय तो वापरा.